गाद्याचा मुजरा

"उद्या दुपारपर्यंत गाद्याने माझ्या होडीजवळ येऊन मला मुजरा केला पाहिजे! नाही केला, तर या धाकू तांडेलाची होडी उपडी घाला आणि तिच्याखाली माझी बदकं कोंडा!"

कातळबंदरच्या महाराजांचा हुकूम सुटला आणि म्हाताऱ्या धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. होडी एकच, पोट तिच्यावर, आणि चूकही त्याचीच! गादा म्हणजे समुद्रात उड्या मारतो तो डॉल्फिन. महाराज तीन दिवस दहा होड्या घेऊन, नगारे बडवत गाद्यांच्या मागे धावत होते आणि गादे शेपटी दाखवून गुडूप होत होते. धाकूने गप्प राहावं की नाही? पण साठ वर्षांत त्याचं तोंड एकदाही वेळेवर मिटलं नव्हतं. भर दरबारात बरळला, "गादे होय? ते तर माझे सोयरे!"

घरी बायको शेवंती वाटच बघत होती.

"सोयरे म्हणे! तुमचे खरे सोयरे तरी येतात का दारात? बडबड ऐकून लांबूनच जातात!"

"तू तर आलीस ना या घरात?"

"फसले! बघायला आलात तेव्हा खाली मान घालून बसला होतात. शब्द काढला नाहीत. मला वाटलं, गरीब आहे बिचारा!"

धाकूने डोकं खाजवलं. डोक्यात फारसं काही नव्हतं, पण जे होतं ते जागं झालं.

सकाळी महाराज जरीचा फेटा बांधून, राणीसाहेबांना घेऊन बंदरावर आले. मागे दहा होड्या, दहा नगारे.

धाकू पुढे झाला. "नगारे परत पाठवा, म्हाराज! नऊ होड्यापण! आज बघण्याचा कार्यक्रम आहे. बघायला जाताना कुणी नगारा नेतं?"

"नाही नेत," राणीसाहेब म्हणाल्या. महाराजांचा नाइलाज झाला.

गादे दिसू लागले तशी धाकूने लांबच होडी थांबवली. शीड उतरवलं, वल्ही आत घेतली.

"थांबलास का? पाठलाग कर!"

"म्हाराज, मुलगी लाजून माजघरात गेली, तर पाहुणे मागोमाग माजघरात घुसतात काय? मान खाली घाला. गप्प बसा."

राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. महाराज फुगून गप्प बसले. सगळ्यात हाल धाकूचे! जीभ नुसती वळवळत होती. शेवटी त्याने मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं आणि डोळे गच्च मिटले.

बराच वेळ गेला. मग होडीच्या कडेलाच आवाज आला, फुस्स! धाकूने डोळे उघडले. राखाडी तोंड पाण्यातून वर आलं, अगदी हाताशी. महाराजांनी हात पुढे केला, तो धाकूने खुद्द राजाचं मनगट धरलं! गाद्याने एका डोळ्याने महाराजांना फेट्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं, बुडी मारली आणि गेला.

"मुजरा? मुजरा कुठे केला?" महाराज ओरडले. "बदकं आणा रे!"

धाकूने मुंडाशाचं टोक बाहेर काढलं. "म्हाराज, सकाळपासून नटूनथटून, मान खाली घालून बसलं होतं कोण?"

"मी!"

"आणि येऊन, वरपासून खालपर्यंत बघून, एक शब्द न बोलता गेला कोण?"

"गादा!"

"मग कोण कुणाला बघायला आलं होतं? अहो, बघायला आलेला पाहुणा तिथल्या तिथे होकार देतो होय? घरी जाईल, चार माणसांत विचार करील. पसंत पडलात तर मुजऱ्याला येईलच की!"

राणीसाहेबांचा पदर सुटला आणि हसू फुटलं. महाराज आधी लाल झाले, मग असे हसले की होडी डुलायला लागली.

"आणि नापसंत झालो तर रे?"

"तर आपण गाजावाजा करायचा नाही!"

बदकं जिथल्या तिथे राहिली. धाकूला नवं शीड मिळालं, आणि हुकूम निघाला की यापुढे गादे बघायला जायचं तर धाकूसोबत, एकाच होडीतून, लांब थांबून आणि तोंड मिटून.

बंदरावर शेवंतीने महाराजांना हात जोडले. "सरकार, तोंड मिटायचा हुकूम यांना घरातपण लागू करा की!"

"बाई," महाराज डोळे पुसत म्हणाले, "मला गादे आवरत नाहीत, हा कुठला आवरणार!"