पिटूची वाटी आणि पोटातलं वासरू

दूर तिकडे, माडांच्या बागेत, एक घर होतं. घरात होती पिटू मांजरी. मुठीएवढी.

सकाळी पिटू वाटीपाशी गेली. वाटी रिकामी. तिने वाटी चाटून बघितली. काहीच नाही.

टुपूक टुपूक पिटू गेली बायोकाकूकडे.
"काकू, काकू, वाटी भर.
मी उपाशी, म्याऊ."
"चांदी गाय दूध देईल, तर मी वाटी भरीन गो बाय."

टुपूक टुपूक पिटू गेली चांदीकडे.
"चांदी, चांदी, दूध दे.
काकू वाटी भरीना,
मी उपाशी, म्याऊ."
चांदी धापा टाकत होती. हाफ् हाफ्. गाय मोठी दुधाळ, पण उकाड्याने पार हैराण.
"वासरू येईल, तर मी दूध देईन."

टुपूक टुपूक पिटू गेली चांदीच्या पोटापाशी.
"वासरा, वासरा, बाहेर ये.
चांदी दूध देईना,
काकू वाटी भरीना,
मी उपाशी, म्याऊ."
पोटातून आवाज आला, "बाहेर उकडतंय. आईच्या धापा ऐकू येतात मला. माड गोठ्याच्या पत्र्यावर झावळ्या टाकील, तर मी येईन."
घ्या. अजून जन्म नाही, आणि अटी बघा.

टुपूक टुपूक पिटू गेली माडाकडे.
"माडा, माडा, झावळ्या टाक.
वासरू बाहेर येईना,
चांदी दूध देईना,
काकू वाटी भरीना,
मी उपाशी, म्याऊ."
"वारा हलवील, तर मी टाकीन."

वारा गवतात झोपला होता. घुर्र घुर्र. पिटूने गवतात तोंड घातलं.
"वाऱ्या, वाऱ्या, माड हलव.
माड झावळ्या टाकीना,
वासरू बाहेर येईना,
चांदी दूध देईना,
काकू वाटी भरीना,
मी उपाशी, म्याऊ."
"कोणी दचकवील, तर मी उठीन."
गवत गेलं पिटूच्या नाकात.
फिच्च!

वारा दचकला. सूं सूं उठला.
वाऱ्याने माड हलवला.
माडाने झावळ्या टाकल्या. धप्प धप्प.
पत्रा झाकला. गोठा गार झाला.
वासरू बाहेर आलं. सुळ्ळकन.
लांब लांब कान. गळ्याखाली सैल सैल कातडी. उठलं, पडलं, उठलं. आणि गेलं थेट उन्हात.
"अगं, एवढं काही उकडत नाही," वासरू म्हणालं.
बायोकाकू हसली. "कालवड आहेस गो बाय! बाप गीर जातीचा आहे तुझा, उन्हाला न भिणारा. मीच निवडला. मोठी झालीस की आईसारखं दूध देशील, आणि धापा नाही टाकणार."

चांदीने दूध दिलं. आधी वासराला. चुक चुक.
मग काकूने वाटी भरली. दाट दाट, पिवळं पिवळं, चिकाचं दूध.
लप लप लप.

हळू बोला. पिटू जेवतेय.