मिठाच्या तीन गाठी

एका राज्यात समुद्रापारच्या मांत्रिकाने कायदा घालून दिला होता. मिठागरातले मीठ आधी गलबतातून त्याच्या देशी जावे, तिथून परत यावे, मगच इथल्या लोकांनी ते विकत घ्यावे. हा कायदा जो मोडेल, तो स्वतःच मिठाचा पुतळा होईल. मांत्रिक निघून गेला, गलबते यायची थांबली, कायदा मात्र राहिला. मिठाचे डोंगर साचले आणि माणसे अळणी जेवू लागली.

एके दिवशी राजपुत्र भद्रसेनाने शेजारच्या गावाला टोपलीभर मीठ दिले आणि मिठागराच्या बांधावर उभ्याउभ्या तो मिठाचा पुतळा झाला. पौर्णिमेचे उधाण जवळ आले होते. पाणी बांधावर चढले की भाऊ विरघळणार, या धास्तीने धाकट्या इरावतीचा जीव टांगणीला लागला.

बंदरावर एक बोलका धनेश राही. तिने त्याला विचारले, "पक्षिराज, दादा कसा सुटेल?"

"कायद्याला तीन गाठी आहेत. बंदराची साखळी, समुद्रात पडलेला मांत्रिकाचा शिक्का, आणि ज्या जिभेवर तो जगतो ती जीभ. तिन्ही सोडव."

साखळी इतकी गंजली होती की ओढताच हातात आली. शिक्का धरून बसलेला अजस्र खेकडा म्हणाला, "घेऊन जा बाई, नांगी भरून आली माझी." ती जीभ मांत्रिकाचीच असणार असे समजून, त्याला शोधायला इरावती होडीत चढू लागली.

"तिकडे कुठे?" धनेश म्हणाला. "मांत्रिक केव्हाच मेला. राज्याभिषेकाला जिभेवर मीठ ठेवून 'चालत आले ते चालवीन' अशी शपथ तुझ्या वडिलांनीच घेतली ना?"

पाणी बांधाला लागले होते. इरावती धावत राजवाड्यात गेली आणि वडिलांना म्हणाली, "ती शपथ मागे घ्या."

राजा वीरबाहूने मान खाली घातली. "मुली, त्या कायद्यानेच मिठागरे आपल्या घराण्याची झाली. तो गेला तर आपले काय राहील?"

"हे बांधावर येऊन दादाला सांगा, बाबा."

राजा आला. एक लाट भद्रसेनाच्या पायांवरून गेली आणि डाव्या पायाची बोटे विरघळली. दुसरी लाट उठताना दिसली, तेव्हा राजाच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "शपथ मागे घेतो. पिकवील त्याचे मीठ."

भद्रसेनाने श्वास घेतला. बोटे काही परत आली नाहीत. त्या संध्याकाळी घरोघरी आमटीत मीठ पडले.

पुढे त्याचा राज्याभिषेक झाला. पुरोहिताने सवयीने मिठाची चिमूट पुढे केली. "म्हणा, चालत आले ते..."

भद्रसेनाने आपल्या पायाकडे पाहिले, मीठ चवीने गिळले आणि म्हणाला, "चालत आले ते आधी तपासून पाहीन."

त्या राज्यात राजे अजून याच शब्दांवर गादीवर बसतात.