बोटावरच्या रेघा

“झालं का?”

त्र्यंबकबुवांनी पुन्हा विचारलं, तशी खलात लोहभस्म घोटणाऱ्या यशोधरच्या कपाळावर आठी पडली. चार पाठशाळा पालथ्या घालून मठात आलेला हा शिष्य. ग्रंथ तोंडपाठ, सबुरीच्या नावानं मात्र बोंब. बुवा मुद्दाम आपल्याला टोचतात, असंच त्याला वाटे.

मठाच्या पायरीवर हिरामण विणकर औषधासाठी बसून होता. त्याची सून बाळंतपणापासून पांढरीफटक पडली होती, उठून बसली तरी धाप लागायची. मागचं औषध तिच्या अंगी लागलंच नव्हतं.

“जाड राहिलं, की पोटात जातं तसंच बाहेर पडतं,” बुवा म्हणाले. “झालं का?”

“नेहमी मलाच काय विचारता? एकदा तुम्हीच बघा ना. चिमटीत चोळायचं, बोटाच्या रेघांत भरून बसलं तर झालं. हे काय मी तुम्हाला सांगायचं?”

बुवांनी चिमूट घेतली, चोळली आणि हात त्याच्यापुढे धरला.

बोटावर रेघच नव्हती. अंगठ्यावरही नव्हती. उभा जन्म बत्ता फिरवून कातडी वरवंट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

यशोधर बघतच राहिला. या बोटांनी किती माणसं अंथरुणावरून उठवली असतील... आणि आपण त्यांना परीक्षा शिकवायला निघालो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं भस्म आपल्या बोटावर चोळलं, फुंकर मारली. रेघा रिकाम्याच राहिल्या.

“नाही झालं, बुवा.”

बुवा हसले आणि हिरामणसाठी ताक आणायला आत गेले.

यशोधरनं खल पुढ्यात ओढला. पायरीवरचं ऊन सरलं, तरी त्यानं मान वर केली नाही. शेवटी बोटाच्या रेघा तांबूस भरल्या, बोट धुतलं तरी भस्म निघेना. पुड्या बांधून त्यानं हिरामणच्या हातात ठेवल्या.

“मधातून द्या, काका. आणि कसं वाटतंय ते मला येऊन सांगा.”

हिरामण गेला. यशोधर बुवांजवळ येऊन बसला.

“बुवा... मागच्या वेळी मी ‘झालं’ म्हणालो होतो. नुसत्या माझ्या शब्दावर औषध दिलंत?”

“आणखी कशावर देणार होतो, बाळ?”