नीलिमेजवळ बसलेला सरडा

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट, कातळात गवतफुलं दाटून यायची, त्या फार जुन्या काळी तिथे एक विद्वान सरडा राहायचा. कोणत्या फुलावर कोणता किडा येतो हे तो पाहून ठेवायचा, आणि आपलं पाहणं चुकत तर नाही ना, या धास्तीत असायचा. पाहणी चालू असताना किडे खायचे नाहीत, असा त्याचा नेम होता.

एका दुपारी तो नीलिमेच्या फुलाशेजारी बसला. हे फूल दुपारी उमलतं आणि दिवस मावळायच्या आत कायमचं मिटतं. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. "नीलिमेवर कुणीच येत नाही की काय?" असं पुटपुटत खात्री करायला तो आणखी जवळ सरकला.

"आजोबा, तुम्हाला बघून मधमाश्या लांबूनच परत जातायत," नीलिमा म्हणाली. "मला आजचाच दिवस आहे. कुणी आलं नाही तर बी धरणार नाही."

"अगं, पण माझा उपास आहे!"

वरून एक मधमाशी ओरडली, "तुमच्या जिभेला ठाऊक आहे का तो?"

सरड्याला राग आला. मग विचार करता करता त्याला जिभेचीही खात्री वाटेना. तो मोठ्या दगडाआड जाऊन बसला. तिथून फूल दिसत नव्हतं. थोड्या वेळाने गुणगुण ऐकू आली, तेव्हा त्याने वर आलेली मान पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी बेडकाने विचारलं, "काय हो, नीलिमेवर कोण येतं?"

"कोण ते माहीत नाही," सरडा म्हणाला, "पण येऊन गेलं."