शेवटच्या घरची ठकू

नदी खैरसांगवीला खेटून वाहत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका संध्याकाळी ठकू नावाडणीने घाटावर उभं राहून नदीकडे हाळी घातली, आणि नदीने ओ दिली नाही.

तशी लहानशीच बाब. दुसरं कोणी असतं तर घरात जाऊन भाकऱ्या थापायला बसलं असतं. पण ठकू स्वभावानेच भित्री. मांजराने भांडं पाडलं तरी ती दाराला कडी घालायची. ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि मग तिने दुसऱ्यांदा हाळी घालायचं टाळलं. दुसऱ्यांदाही ओ आली नाही तर काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

त्या गावाची एक रीत होती. दिवेलागणीला वरच्या आळीतली पहिली बाई दारात येऊन म्हणायची, "दिवा लागला गं." शेजारीण "ओ" म्हणायची आणि तेच पुढच्या घराला सांगायची. अशी ती हाळी घराघरांतून उतरत घाटापाशी यायची. ज्या घरातून ओ आली नाही तिथे काहीतरी बिनसलं आहे हे कळायचं, आणि माणसं धावत जायची. सगळ्यात शेवटचं घर ठकूचं. नवरा नावाडी होता, तो एका पुरात गेला. मूलबाळ नव्हतं. तिच्यापुढे घर नव्हतं, म्हणून ती नदीलाच सांगायची, आणि पलीकडच्या दरडीवरून तिचा आवाज परत यायचा. नदी ओ देते, असं गाव म्हणायचं.

सकाळी तिने शेजारच्या जना रंगारणीला सांगितलं, "काकू, काल नदी बोलली नाही."

"तिला काय तुझ्याशीच बोलायचं काम आहे?" जनाकाकू निळीत बुडवलेलं लुगडं पिळत म्हणाली. "दमली असेल बाई. माझंही सुनेशी दोन दिवस बोलणं नाही."

पण नदी दमली नव्हती, निघाली होती. असं म्हणतात, की त्या पावसाळ्यात ती निजलेल्या गावाच्या कुशीतून हलकेच उठली आणि दूरच्या माळापलीकडे जाऊन वाहू लागली. लोक जागे झाले तेव्हा घाटाच्या पायऱ्या वाळूत उतरत होत्या. विहिरी आटल्या. रंगारी, कोष्टी, कुंभार, सगळ्यांचं पोट पाण्यावर. एकेक घर नदीच्या मागे निघालं.

गाव सोडणाऱ्याने घरातली एक वस्तू शेजारी ठेवून जायची, ही तिथली दुसरी रीत. वस्तू गावात आहे तोवर घर गावात आहे, मग भिंती पडल्या तरी बेहत्तर. आणि शेजारणीवरच निघायची पाळी आली, तर तिने आपली वस्तू आणि आधीची सगळी ठेव पुढच्या घरी द्यायची. पाटलांची समई अशी खाली आली. कोष्ट्यांचा मागावरचा धोटा आला, वाण्याची तागडी आली, कुंभाराचं थापटणं आलं, सुईणीची तेलाची वाटी आली. प्रत्येकाला वाटलं, पुढचं घर आहेच. शेवटच्या घराला पुढचं घर नसतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

जनाकाकू निघाली तेव्हा तिने सगळ्या गावाची ठेव ठकूच्या ओसरीत उतरवली, आणि वर आपला निळीचा रांजण ठेवला.

"काकू, मी कोणाला देऊ?" ठकूने विचारलं.

जनाकाकूने रांजणावरचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं. मग ती म्हणाली, "पालीला घाबरणारी तू, आणि तुझ्या जिवावर गाव ठेवून चाललेय बघ." हसायला गेली, पण हसू आलं नाही. गाडीत बसल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून ठकू एकटी. वाळूत झिरा उकरून त्याच्या पाण्यावर ती राहिली. दिवेलागणीला दारात येऊन ती एकेका घराचं नाव घ्यायची. धीट होती म्हणून नव्हे. घर इतकं गप्प असायचं, की तिला सहन व्हायचं नाही. "पाटलीणबाई, दिवा लागला." थोडं थांबायची. "वाणीणकाकी, दिवा लागला." थांबायची. असं म्हणतात, की नाव घेतलं की त्या घरची वस्तू मंद गुणगुणायची. असंही म्हणतात, की वाळू वरच्या आळीच्या छपरांवर चढली, पण ठकूच्या हाळीचा आवाज जिथवर जाई तिथे ती थबकून राही. पण वस्तूंचं गुणगुणणं म्हणजे ओ नव्हे, आणि ठकूला ते कळत होतं.

तिचा भाऊ रावजी दाणे घेऊन यायचा. दर वेळी म्हणायचा, "चल आता. ही भांडीकुंडी कोणी न्यायला यायचं नाही."

"आणि आलं तर, दादा?"

"तुला तरी खरं वाटतं का, कोणी येईल?"

"नाही वाटत," ठकू म्हणाली. "म्हणून तर जाववत नाही. मी गेले की ते खरंच होईल."

पण वर्षं गेली आणि तिचा आवाज बसत चालला. हाळी अंगणापलीकडे जाईना, तशी वाळू अंगणाशी आली. तेव्हा तिने रावजीला निरोप धाडला, की गाडी घेऊन ये. आणखी एक संध्याकाळ हाळी घालीन. कोणाची ओ आली नाही, तर सगळी ठेव वाळूत पुरीन आणि येईन. मग इथे गाव होतं असं सांगणारं काही राहणार नाही.

आज गाव पुन्हा वसलेलं आहे, आणि त्या जागी गावाचं संग्रहालय आहे. दोन खोल्या आणि एक पडवी. तिथे वस्तू दिली असं कोणी म्हणत नाही, ठेवली म्हणतात. पाटलांच्या घरी लग्न निघालं की समई घरी जाते आणि हळद उतरली की परत येते. नवं बिऱ्हाड गावात आलं, अगदी बदलीवर आलेलं का असेना, की तेही काहीतरी आणून ठेवतं. जी बाई तिथे सांभाळायला असते, तिचं नाव आणि हुद्दा काहीही असो, गाव तिला ठकूच म्हणतं. संध्याकाळी दार लावण्याआधी ती एकेका घराचं नाव घेते. ज्या घरात आता कोणी उरलं नाही, त्याच्या नावाला तिथे हजर असेल त्याने ओ द्यायची, मग तो एसटीची वाट बघत पडवीत टेकलेला परगावचा माणूस असला तरी. एकही नाव बिन-ओचं राहिलं, तर कुलूप लागत नाही. आपल्या नसलेल्या नावाला ओ द्यायची ही रीत त्या संध्याकाळची.

त्या संध्याकाळी रावजी गाडी जुंपून उभा होता. वस्तू अंगणात मांडलेल्या होत्या, शेजारी खड्डा खणलेला होता. ठकू घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. तिने पाटलांचं नाव घेतलं, वाण्याचं घेतलं, कोष्ट्यांचं, कुंभाराचं, सुईणीचं घेतलं. प्रत्येक नावानंतर ती थांबली. रावजीने मान खाली घातली. एकच नाव उरलं. ते घेताना तिचा आवाज फाटला, पण कसा कोण जाणे, कोरड्या पात्रावरून थेट पलीकडे गेला.

"जना रंगारीण, दिवा लागला गं."

पलीकडच्या दरडीवर त्या वेळी काही माणसं पाण्याच्या शोधात येऊन थांबली होती. कोणी म्हणतं मिठाचा तांडा होता, कोणी म्हणतं वाट चुकलेलं वऱ्हाड. त्यांच्यातल्या एका बाईने खैरसांगवी कधी पाहिली नव्हती, आणि जना रंगारीण कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिन्हीसांजेला कोणीतरी कोणालातरी हाक मारतंय आणि कोणी उत्तर देत नाही, हे तिला ऐकवेना. तिने डोक्यावरची रिकामी घागर खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाली,

"ओ."