इवलीची मोठ्ठी हाक

एक होती मुंगी. तिचं नाव इवली. ती रांगेत चालायची, आईच्या मागे मागे. तुरुतुरु, तुरुतुरु.

एकदा रांग निघाली मैदानातून. मैदानात होता मंडप. मंडपात होणार होतं गाणं. वाटेत सांडला होता शिरा. इवली थांबली. एक कण चाटला. अहाहा! मग वर बघितलं. तर काय? रांग नाही! आई नाही!

"आई!" इवलीने हाक मारली. पण हाक ती केवढी? गवताच्या काडीलासुद्धा ऐकू गेली नाही.

मंडपात उभा होता काळा काळा स्पीकर. हाऽऽ एवढा मोठ्ठा! इवली गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"स्पीकरदादा, स्पीकरदादा, मोठ्याने बोल! आईला हाक जाईना!"

"मी नाही बोलणार, जा! ॲम्पने हलवलं, तर बोलेन!"

इवली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. टेबलावर बसला होता ॲम्प, आवाज मोठा करणारा डबा. छोटासा, चपटासा, पोळ्यांच्या डब्याएवढा.

"ॲम्पदादा, ॲम्पदादा, स्पीकर हलव! स्पीकर बोलेना, आईला हाक जाईना!"

मग इवली म्हणाली, "पण तू तर एवढासा! तुझ्यात जोर आहे का?"

ॲम्प खो खो हसला. "जोर विजेचा! माझं नुसतं दार. उघडतो, मिटतो, खट-पट, खट-पट! मोठी हाक आली, की दार जास्त वेळ उघडं. छोटी हाक आली, की कमी वेळ. आमचे आजोबा, म्हणजे जुने ॲम्प, दार अर्धवट उघडं ठेवायचे. वीज बिचारी चेंगरायची! आजोबा तव्यासारखे तापायचे! ताप घालवायला अंगावर मणभर धातू. उचलायला चार माणसं! मी पुरतं उघडतो, पुरतं मिटतो. फारसा तापतच नाही. म्हणून हलका हलका!"

"मग हलव ना स्पीकर!"

"मी नाही हलवणार, जा! वीज आली, तर हलवेन!"

इवली गेली तुरुतुरु, तुरुतुरु. वीज बसली होती तारेत, बटणाच्या पलीकडे.

"वीजताई, वीजताई, धावत ये! ॲम्प हलवेना, स्पीकर बोलेना, आईला हाक जाईना!"

"मी नाही येणार, जा! मावशीने बटण दाबलं, तर येईन!"

मावशी म्हणजे हौसामावशी. मंडपातले स्पीकर तिचेच. मावशीच्या कडेवर होती तिची लेक ठमी. ठमीचा फुगा उडाला होता. ठमी रडत होती, भ्याँऽऽ भ्याँऽऽ! इवली चढली मावशीच्या कानापाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, बटण दाब! वीज येईना, ॲम्प हलवेना, स्पीकर बोलेना, आईला हाक जाईना!"

"मी नाही दाबणार, बाई! माझे दोन्ही हात अडकलेत. ठमी हसली, तर दाबेन!"

इवली उतरली ठमीच्या खांद्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ठमीताई, ठमीताई, खुदकन हस! मावशी बटण दाबेना, वीज येईना, ॲम्प हलवेना, स्पीकर बोलेना, आईला हाक जाईना!"

"मी नाही हसणाल, ज्जा!" ठमी म्हणाली. "गुदगुल्या झाल्या, तल हसेन!"

इवलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. गुदगुल्या करायला कुणीच नाही! मावशीचे हात अडकलेले. स्पीकरला तर हातच नाहीत! इवलीला रडू आलं. तिने मान खाली घातली. खाली काय दिसलं? पाय! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

इवली धावली ठमीच्या तळपायावर. सहाच्या सहा पायांनी! तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

"ही ही ही! खी खी खी! मुंगी मुंगी मुंगी!"

ठमी हसली!

मावशीने पुढे केलं बोट. "ये गं, माझ्या ठमीला हसवणारे!" आणि इवलीला बसवलं माईकवर.

ठमी हसली, मावशीने बटण दाबलं, टक्!
मावशीने बटण दाबलं, वीज आली, सर्रर्र!
वीज आली, इवली ओरडली, "आईऽऽ! मी इथंऽऽ!"
इवली ओरडली, ॲम्पने हलवलं, खट-पट खट-पट खट-पट!
ॲम्पने हलवलं, स्पीकर बोलला, धडाड् धूम!

"आईऽऽ! मी इथंऽऽ!"

कबुतरं उडाली भुर्र! बशा वाजल्या खळ्ळ! चहावाले काका दचकले. "अरे बाप रे! कुणाची ही लेक एवढी खणखणीत?"

तेव्हा लांब गवतातून, अगदी बारीक आवाज आला.

"माझी! माझी! माझीच आहे ती!"

अख्खी रांग वळली. सगळ्यांत पुढे आई. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु! आईने इवलीला मिशांनी कुरवाळलं. वर एक गोड पापा घेतला.

मुंग्या गेल्या बिळात,
गोष्ट राहिली कानात!