ठमाचा उजवा हात

ही हकिकत खरी किती आणि वाढवलेली किती, ते बोरवंडच्या नदीलाच विचारावं. फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि गावात घरं जेमतेम चाळीस होती, तेव्हा तिथं ठमा नावाची सुईण राहायची. गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा तिच्याच हातात आलं. ते हात सदा राखेनं घासलेले. त्यांना मेंदी कधी लागली नव्हती, कारण तिचं लग्नसुद्धा घाईघाईत, नुसत्या हळदीवर उरकलेलं.

लग्नाला वर्ष झालं आणि तिचा नवरा रखमाजी गोसाव्यांच्या जथ्याबरोबर निघाला. जाताना अंगणात मेंदीचं रोप लावून म्हणाला, "ह्येला पाला धरायच्या आत येतो." रोप पुरुषभर वाढलं, रखमाजी आला नाही. ठमानं एक पान तोडलं नाही. धनी आल्यावरच मेंदी लावायची, हा तिचा हट्ट. रोज तिन्हीसांजेला ती नदीच्या उताराकडे बघत उभी राहायची. त्या बघण्यानं उतारावरची वाट झिजली, असं म्हणतात.

गावाची रीत अशी, की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडायच्या. बारा वर्षं भरली. उद्या पुतळा जाळायचा, हे गावानं ठरवूनही टाकलं. ठमाला कोणी विचारलं नाही.

त्या दुपारी ठमानं पहिल्यांदा झुडपाला हात घातला. उद्यापासून तिला मेंदी वर्ज्य होती. आज नाही तर कधीच नाही. तिनं पाट्यावर पाला वाटला, काथ घातला, लिंबू पिळलं. चिमणीच्या शिटेनं रंग चढतो असं कुठंतरी ऐकलेलं, तीही घातली. शिकवायला घरात होतं कोण! लगदा पातळ झाला आणि कोपरापर्यंत ओघळला. काडीनं वेल काढायला गेली, त्याचं गाडगं झालं. शेवटी तिनं तळहातभर मेंदी थापून वर एरंडाचं पान बांधलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की डावा हात तर भरला, आता उजवा कोण भरणार?

ती शेजारच्या गोजराकडे गेली. गोजराची तिन्ही बाळंतपणं तिनंच केलेली.

"गोजरे, येवढा उजवा हात रंगव गं माझा."

गोजरा दारातच आडवी उभी राहिली. "उद्या तुझं कुकू पुसायचं, ठमाक्का. माझं भरलेलं घर हाय. मी न्हाई लावायची."

ठमा कोरा हात घेऊन घरी आली आणि पोटभर रडली.

सकाळी पंच जमले. ठमानं डावा हात पुढं केला. तसला लालभडक रंग कोणी पाहिला नव्हता. रंगल्या हातातल्या बांगड्या फोडायला कोणी धजेना. म्हातारा पंच म्हणाला, "मेंदी उतरू द्या, मग बघू."

मेंदी उतरलीच नाही. वर्ष गेलं, पंच गेले, त्यांची पोरं पंच झाली. ती नदीवर धुणं धुवायची तेव्हा खालच्या गावापर्यंत पाणी लाल व्हायचं, असं म्हणतात. झुडपाच्या खालच्या फांद्या कायम ओरबाडलेल्या असायच्या, असंही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय, त्यांना दुसरा उद्योग नसतो.

म्हातारपणी ठमा अंथरुणाला खिळली. बोट हलेना, तरी चार महिने डावा हात लालच. आता पाला कोण तोडत होतं? असं म्हणतात, की रोज दुपारी गोजरा पदराआड वाटी घेऊन त्या घरात शिरायची. एक दिवस तिनं न विचारता ठमाचा उजवा हात मांडीवर घेतला आणि मेंदीनं भरला.

"चुकलं गं माझं, ठमाक्का."

ठमा कितीतरी वेळ दोन्ही हात बघत राहिली. मग म्हणाली, "आता धन्यास्नी म्हणावं, या. माझं आवरलं." त्यानंतर ती बोलली नाही.

बोरवंडात अजून कोणी आपल्या हातानं आपला हात रंगवत नाही. नागपंचमीला पाला वाटला की बायका आधी एकट्या बाईच्या घरी जातात. तिचा नवरा आहे, वारला की टाकून गेला, हे विचारायचं नाही. उंबऱ्यात बसायचं आणि म्हणायचं, "उजवा हात दे, ठमाक्का." बाईचं नाव काहीही असो, त्या दिवशी तिला याच नावानं हाक मारतात.